मुजिर आणि मुसलेह : सर्पगंधेच्या मुळीचा इतिहास

"देशी दवा आहे, हिचा काही साइड इफेक्ट नसतो." हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. जुम्याच्या नमाजीनंतर रस्त्यावर पुड्या विकणारा हेच सांगतो, मोबाईलवर फिरणारे संदेश हेच सांगतात आणि चांगली शिकलेली माणसेही मान डोलावतात. याचे जुळे भावंड असलेले दुसरे वाक्य म्हणजे, "बीपीची गोळी एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते, म्हणून सुरूच करू नका." या दोन वाक्यांवर विश्वास ठेवून किती माणसांनी गोळ्या सोडल्या आणि त्यातले किती जण पुढे पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पण असे एखादे घर माहीत नाही, असा मोहल्ला सापडणे कठीण.

मी भाषा शिकवतो, डॉक्टर नाही. कुणी कोणती गोळी घ्यावी हे सांगणे माझे काम नाही. पण या दोन्ही वाक्यांना इतिहासाचा आधार दिला जातो. आपले हकीम, आपले वैद्य, आपले बुजुर्ग असेच म्हणत होते, असे सांगितले जाते. तो इतिहास उघडून पाहिला तर गोष्ट वेगळीच निघते. त्यासाठी मी एकच मुळी निवडली आहे. ती आपल्याच जंगलातली आहे, हकीम आणि वैद्य दोघांच्या वापरातली आहे, आणि रक्तदाबावरच्या उपचाराचा विसाव्या शतकातला इतिहास तिला वगळून लिहिता येत नाही. मराठीत आणि संस्कृतात ती सर्पगंधा, युनानी ग्रंथांत असरोल, उत्तरेत छोटा चांद. बिहारकडे तर तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत. वनस्पतीशास्त्रातले तिचे नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. सोळाव्या शतकात हलब आणि बगदादपर्यंत प्रवास करून आलेल्या राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ ते पुढे ठेवले गेले. त्या बिचाऱ्याने ही मुळी कधी पाहिलीही नव्हती.

हकिमांच्या ग्रंथातले रकाने

आधी जुन्या हकिमांचे काय म्हणणे होते ते पाहू. युनानी औषधांच्या ग्रंथांत, म्हणजे 'मखजनुल अदविया'सारख्या पुस्तकांत, प्रत्येक औषधाची नोंद ठरावीक क्रमाने येते. औषधाचे नाव, त्याचा मिजाज, म्हणजे उष्ण की थंड, कोरडे की ओले. मग त्याचे फायदे. त्यानंतर 'मुजिर', 'मुसलेह', 'बदल' आणि 'मिकदार-ए-खुराक'.

या शब्दांतले बरेचसे मराठीत आपण रोज वापरतो. 'मिजाज'चीच मिजास झाली. 'खुराक' तसाच राहिला. 'बदल' म्हणजे एक औषध मिळाले नाही किंवा सोसले नाही, तर त्याच्या जागी द्यायचे दुसरे. शाळेत बदली शिक्षक येतो, त्याच अर्थाने. 'मुजिर' हा शब्द 'जरर'वरून आला. जरर म्हणजे नुकसान आणि मुजिर म्हणजे नुकसान करणारे. हे औषध शरीराच्या कोणत्या भागाला इजा करते, ते या रकान्यात लिहिलेले असते. 'मुसलेह' म्हणजे सुधारणारा, इस्लाह करणारा. समाज सुधारणाऱ्या माणसाला उर्दूत आपण मुसलेह म्हणतो, तोच हा शब्द. औषधाने होणारी इजा कमी करण्यासाठी त्याच्या जोडीला जे द्यायचे, ते त्याचे मुसलेह.

याचा अर्थ असा की, प्रत्येक औषध कुठेतरी बाधणारच, असे गृहीत धरूनच हकिमांनी आपली पुस्तके लिहिली. सुरंजान घ्या. सांधेदुखीवर हकीम ती पूर्वापार देत आले. पण ती पोटाला बाधते हे त्यांना ठाऊक होते, म्हणून आले किंवा जिरे यांच्या जोडीने ती द्यायची पद्धत होती. आज गाउटवर डॉक्टर जी कोल्चिसीनची गोळी देतात, ती सुरंजानच्याच जातकुळीतल्या वनस्पतीतून आली आणि तिचा पहिला त्रासही पोटालाच होतो. आपल्याकडचा बिब्बा कुणाला माहीत नाही? तो अंगावर उतला की काय होते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. हकीम त्याला बलादुर म्हणत आणि 'तदबीर', म्हणजे शुद्धीची प्रक्रिया केल्याशिवाय तो पोटात देत नसत.

इब्न सिना यांनी 'अल-कानून'च्या दुसऱ्या खंडात औषध पारखण्याचे नियम घालून दिले. औषध शुद्ध हवे, आजार एकच हवा, परिणाम पुन्हा पुन्हा तसाच यायला हवा, आणि पारख माणसाच्या शरीरावर व्हायला हवी; कारण घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावर तसाच दिसेल असे नाही. त्यांच्या आधीचे अल-राजी तर एका पायरीने पुढे होते. मेंदूच्या सुजेच्या रोग्यांपैकी काहींचे रक्त त्यांनी काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, दोन्ही गटांचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी. ही नोंद त्यांनी स्वतः करून ठेवली आहे. 'आमच्या दवेला साइड इफेक्ट नसतो' असे या मंडळींना कुणी सांगितले असते, तर त्यांनी त्याला दवाखान्याच्या पायरीवरूनच परत पाठवले असते.

एका हकिमाचे स्वप्न

आता विसाव्या शतकात येऊ. दिल्लीच्या बल्लीमारान गल्लीतल्या शरीफ मंजिलचे हकीम अजमल खान यांना आपण राजकारणामुळे ओळखतो. ते काँग्रेसचे अध्यक्ष होते, खिलाफत चळवळीचे नेते होते, जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती होते. पण त्यांची खरी तळमळ तिब्बची, म्हणजे वैद्यकाची होती. इंग्रजी वैद्यकाच्या रेट्यापुढे युनानी आणि आयुर्वेद टिकायचे असतील तर दोघांनी एकत्र यावे आणि आपली औषधे कसोटीला लावावीत, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी दिल्लीत करोलबागेत जे कॉलेज उभे केले, त्याच्या नावातच आयुर्वेदिक आणि युनानी असे दोन्ही शब्द आहेत. १९२१ च्या फेब्रुवारीत त्याचे उद्घाटन महात्मा गांधींनी केले. त्या भाषणात गांधीजींनी आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधक वृत्तीची तारीफ केली आणि ती वृत्ती वैद्य-हकिमांत दिसत नाही, अशी तक्रारही केली. उद्घाटनाला बोलावलेला पाहुणा असे बोलतो आणि यजमान ते ऐकून घेतो, हे आजच्या काळात नवलाचे वाटेल. अजमल खानांना मात्र ती उणीव मान्य असावी, कारण ती भरून काढायच्या कामाला ते आधीच लागले होते.

अलिगढला फारसी आणि तत्त्वज्ञान शिकलेला सलीमुज्जमां सिद्दीकी नावाचा एक तरुण रसायनशास्त्र शिकायला युरोपात गेला होता. त्याला हकीमसाहेबांनी पैशांची मदत केली. १९२७ मध्ये त्याने फ्रँकफर्टहून डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हकीमसाहेबांचे निधन झाले. सिद्दीकींनी परत येऊन तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभी केली आणि असरोलची मुळी हातात घेतली. १९३१ मध्ये त्यांनी आपले सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांच्यासह या मुळीतली क्षारद्रव्ये वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाला त्यांनी नाव दिले 'अजमलीन'. ज्या हकिमाने हे काम पाहायला हवे होते तो हयात नव्हता. त्याचे नाव मात्र रसायनशास्त्राच्या कोशात कायमचे गेले.

गंमत अशी की त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी याच मुळीवर लेख लिहिला. मुळीचे चूर्ण दिल्यावर वेडाचा जोर ओसरतो आणि रक्ताचा दाबही उतरतो, असे त्यांनी नोंदवले. पुढे रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत तिचे गुणधर्म तपासले. डेहराडूनला मोहम्मद मनाल यांनी सुरू केलेल्या हिमालया कंपनीने १९३४ मध्ये 'सर्पिना' नावाची गोळी बाजारात आणली. हकीम, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, डॉक्टर, कारखानदार अशी ही माणसे होती. कुणी दिल्लीचा, कुणी बंगालचा. मुळी एकच.

मुंबईचे डॉक्टर वकील

तोवर पाश्चात्त्य वैद्यकाकडे रक्तदाबावर काय होते? जवळजवळ काहीच नाही. दाब मोजायचा पट्टा १८९६ साली इटलीत आणि स्टेथोस्कोपने ठोके ऐकून दाब ठरवायची रीत १९०५ साली रशियात सापडली होती. म्हणजे दाब मोजता येत होता, उतरवता येत नव्हता. विश्रांती घ्या, मीठ सोडा, झोपेचे औषध घ्या, एवढेच सांगितले जाई. अरुंद झालेल्या नसांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराला हा वाढीव दाब लागतोच, तो उतरवू नये, असे मानणारे मोठे डॉक्टरही होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३०० वर १९० इतका मोजला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला त्याचे डॉक्टर मिठाचे पथ्य आणि विश्रांती यांपलीकडे फारसे काही देऊ शकत नव्हते.

नेमक्या त्या काळात मुंबईत केईएम रुग्णालयाशी संबंधित डॉ. रुस्तम जाल वकील हे पारशी हृदयरोगतज्ज्ञ आपल्या रुग्णांना सर्पगंधा देत होते. लंडनमध्ये शिकून आलेला हा डॉक्टर देशी मुळीकडे वळला, पण भाविकपणाने नाही. त्यांनी पन्नास रुग्ण निवडले. दाब किती दिवस आधीपासून वाढलेला आहे, औषध सुरू करण्यापूर्वी किती होता, आठवड्या-आठवड्याला किती झाला, औषध थांबवल्यावर काय झाले, त्रास कोणता झाला, याच्या नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा दाब उतरलेला दिसला. १९४९ मध्ये हा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला आणि पश्चिमेचे डोळे उघडले.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ती मुळी मागवून आपल्या रुग्णांना दिली. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याचे नाव रेसर्पिन. सिद्दीकींनी स्फटिकरूप क्षारद्रव्ये काढली होती. दाब उतरवणारे हे द्रव्य उरलेल्या चिकट राळेत दडून बसले होते. १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत डॉ. वकील होते. पुढच्या वर्षी भारताने त्यांना पद्मभूषण दिले. मुंबईत किती जणांना आज हे नाव आठवते? वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे पाठ्यपुस्तक माहीत असते, तेवढेच.

सिद्दीकी पुढे पाकिस्तानात गेले, तिथल्या विज्ञान संशोधन मंडळाचा पाया त्यांनी घातला आणि १९६१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. फाळणीने माणसे वाटली, संस्था वाटल्या. त्या मुळीचा इतिहास मात्र वाटता येत नाही. त्याचे एक पान दिल्लीत आहे, एक कलकत्त्यात, एक मुंबईत आणि एक कराचीत.

मुजिरचा रकाना उघडतो

बहुतेक अभिमानाचे लेख इथे संपतात. आमच्या मुळीने जग जिंकले, टाळ्या. पण खरी शिकवण यापुढे सुरू होते.

रेसर्पिन लाखो लोकांना दिले जाऊ लागले. रक्तदाबासाठी आणि मनोविकारासाठीही. बिहारमधल्या खेड्यांनी 'पागल की दवा' म्हटले होते, ते न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये खरे करून दाखवले. आणि मग त्रास दिसू लागले. नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंद होणे, पोटात आम्ल वाढणे, भयंकर स्वप्ने पडणे. त्यांत सर्वांत गंभीर होते ते मनाचे खचणे. दाबासाठी गोळी घेणारा, एरवी धडधाकट माणूस हळूहळू उदास होई, त्याला रडू येई, जगण्यात रस उरत नसे. काहींच्या हाताला कंप सुटे, चाल अडखळे, चेहरा निर्विकार होई, कंपवाताच्या रोग्यासारखा.

१९५४ मध्ये वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी आपल्याच रुग्णांतली अशी उदाहरणे छापली. मोठ्या मात्रेत, दीर्घकाळ रेसर्पिन घेतलेल्यांना गंभीर नैराश्य आल्याचे त्यांनी लिहिले. इथे दोन सोपे रस्ते होते. एक, गप्प बसायचे, कारण औषध गाजत होते. दुसरा, औषध विषारी म्हणून फेकून द्यायचे. फ्रीस यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी मात्रा उतरवली आणि जोडीला दुसरी औषधे घेतली.

त्याचे फळ १९६७ मध्ये दिसले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी १४३ पुरुषांवर एक अभ्यास केला. सगळ्यांचा खालचा दाब ११५ ते १२९ च्या दरम्यान. अर्ध्यांना खरी औषधे. त्यांत लघवीवाटे मीठ-पाणी काढणारे एक, नसा सैल करणारे एक आणि अगदी थोड्या मात्रेत रेसर्पिन. बाकीच्यांना दिसायला तशाच, पण आत काही नसलेल्या गोळ्या. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत पक्षाघात, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणे अशा २७ गंभीर घटना घडल्या. औषध घेणाऱ्यांत फक्त दोन. दाब उतरवल्याने माणूस वाचतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा. आज आपल्या वस्तीतला डॉक्टर कळकळीने "गोळी बंद करू नका" असे सांगतो, त्यामागे असे अभ्यास आहेत. आणि ज्या औषधांनी हे सिद्ध झाले, त्यांत आपली मुळीही होती.

म्हणजे ज्या माणसाने औषधाची इजा जगापुढे आणली, त्याच माणसाने त्या औषधाचा उपयोग सिद्ध केला. हकिमांच्या भाषेत सांगायचे तर त्याने मुजिरचा रकाना प्रामाणिकपणे भरला, मग मिकदार दुरुस्त केली आणि मुसलेह शोधला.

इजेचा अभ्यास केल्याने आणखी एक दार उघडले. रेसर्पिनमुळे मेंदूतल्या संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिकामा होतो, हे पन्नाशीच्या दशकात लक्षात आले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. तिथून कंपवात, म्हणजे पार्किन्सन, या आजारावरच्या उपचाराचा रस्ता सापडला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आज एखाद्या थरथरत्या हाताच्या आजोबांना जी गोळी चमचा धरायची ताकद देते, तिच्या वंशावळीत आपल्या मुळीने केलेली इजाही आहे.

घाबरवणाऱ्या बातम्याही आल्या. १९७४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रेसर्पिन आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध सुचवणारे लेख आले. खळबळ माजली, अनेकांनी औषध सोडले. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. त्रास दडवणे जसे वाईट, तसा न पारखलेला त्रास पसरवणेही वाईट. दरम्यान अधिक सोयीची औषधे आली आणि रेसर्पिन हळूहळू मागे पडले.

अजमलीनचे काय झाले? ते हृदयाच्या ठोक्यांवर काम करणारे औषध ठरले. १९९२ मध्ये ब्रुगाडा बंधूंनी हृदयाचा एक आजार वर्णन केला. त्यात वरवर निरोगी दिसणारा माणूस अचानक, अनेकदा झोपेतच, दगावतो. हा दोष एरवी ईसीजीत लपून राहू शकतो. शिरेतून अजमलीन टोचले की तो उघडा पडतो. मात्र ही तपासणी करताना हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र शेजारी तयार ठेवतात, कारण अजमलीन स्वतःच ठोके बिघडवू शकते. हकीमसाहेबांच्या नावाचे औषध आजही रुग्णालयात आहे, आणि त्याच्या मुजिरचा बंदोबस्त केल्याशिवाय कुणी त्याला हात लावत नाही.

आपल्या घरापुरते

या इतिहासातून आपल्या घरापुरते काय घ्यायचे, तेवढे सांगतो.

मुळीत साइड इफेक्ट नव्हता आणि गोळीत आला, असे झालेले नाही. तो मुळीतच होता. गोळीत निदान मात्रा मोजलेली असते. मुळीतल्या द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू आणि रोपाचे वय यांप्रमाणे बदलते. जाणकार हकीम किंवा वैद्य ते ओळखून, नाडी पाहून, रोग्यावर लक्ष ठेवून देत असे. रस्त्यावरच्या पुडीत ना ओळख, ना मोजमाप, ना लक्ष. अशा बेनावाच्या चूर्णांत स्टेरॉइड आणि इंग्रजी औषधे मिसळलेली सापडल्याचे प्रकारही वेळोवेळी उघड झाले आहेत. त्यातून सर्पगंधा आता दुर्मीळ होत चालली आहे. बेसुमार खोदाईमुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. तेव्हा पुडीत नक्की कोणती मुळी आहे, हा प्रश्नही उरतोच.

रक्तदाब दुखत नाही. म्हणूनच "मला बरे वाटते, मग गोळी कशाला?" हा प्रश्न फसवा आहे. त्या १४३ पुरुषांतही अनेकांना आतल्या धोक्याची कल्पना नसणार. बरे वाटणे हे दाब उतरल्याचे प्रमाण नाही. यंत्राने मोजलेला आकडा हेच प्रमाण.

आजच्या गोळ्यांनाही मुजिर आहे आणि तो लाजेचा विषय नाही. अम्लोडिपीनने काहींचे घोटे सुजतात. रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. लघवीच्या गोळीने वयस्कांच्या रक्तातले क्षार कमी होऊ शकतात. असा त्रास झाला की आपली माणसे काय करतात? गोळी गुपचूप बंद करतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. काही गोळ्या अशा एकदम बंद केल्या तर दाब उसळी मारतो. खरे तर डॉक्टरांकडे 'बदल' असतो. एक गोळी सोसत नसेल तर दुसरी असते, मात्रा कमी-जास्त करता येते. पण त्यासाठी त्रास त्यांच्या कानावर जायला हवा. आपल्या अम्मी, खाला, फुफी हे सांगायला संकोचतात. डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. तेव्हा घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी सोबत जावे. कोणती गोळी, कधीपासून, त्रास कोणता आणि कधीपासून, एवढे चार मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. हकीम, वैद्य, डॉक्टर अशा दोघा-तिघांची औषधे एकाच वेळी चालू असतील, तर तेही प्रत्येकाला सांगावे. लपवलेली पुडी सगळ्यांत जास्त घात करते.

मनाच्या बाबतीत तर हे अधिक खरे. औषध सुरू झाल्यावर माणूस उदास राहू लागला, झोप उडाली, बोलेनासा झाला, तर "ईमान कमजोर झाले" असे म्हणून सोडून देऊ नका. रेसर्पिनच्या रोग्यांचे ईमान कमी झाले नव्हते, मेंदूतले द्रव्य कमी झाले होते.

रमजानच्या दिवसांत गोळीची वेळ सहरी आणि इफ्तारप्रमाणे बसवता येते. पण ती आपल्या मनाने बसवू नये. रमजान लागण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घरात जुन्या हकिमांची बयाज, म्हणजे हाताने लिहिलेली नुस्ख्यांची वही, पेटीत पडून असेल. उर्दू वाचता येत नाही म्हणून ती रद्दीत देऊ नका. मोहल्ल्यातल्या एखाद्या उर्दू शिक्षकाला बोलवा, मुलांना शेजारी बसवा आणि ती वाचून घ्या. त्यातला नुस्खा करून पाहू नका, फक्त वाचा. औषधाचे गुण कुठे संपतात आणि 'मुजिर' हा शब्द कुठे येतो, तिथे मुलांना बोट ठेवायला सांगा. आपल्या बुजुर्गांनी तो रकाना कोरा सोडला नव्हता, हे त्यांना त्यांच्याच डोळ्यांनी दिसू द्या.